ॲपलेशियन ट्रेल, स्प्रिंगर ते फोंटाना : वाटेवरचा रोजचा दिवस नेमका कसा जातो?

प्रश्न : माचीवरून (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये मी आणि माझे यजमान ॲपलेशियन ट्रेल या अमेरिकेतील लांब पायवाटेचा दक्षिणेकडचा पहिला टप्पा चालण्याचे ठरवत आहोत, म्हणजे जॉर्जियातील स्प्रिंगर माउंटनपासून नॉर्थ कॅरोलायनातील फोंटाना धरणापर्यंतचे सुमारे १६५ मैल. आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आणि शाकाहारी आहोत. सह्याद्रीत हिंडण्याची सवय तरुणपणापासून आहे, पण ते हिंडणे शनिवार-रविवारचे होते. रात्री गडावरच्या देवळात मुक्काम, टाक्याचे पाणी, आणि खाली उतरल्यावर पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी ओसरीवर पिठलं-भाकरी, हा त्याचा ठरलेला क्रम असे. चार-पाच दिवसांचा शिधा पाठीवर घेऊन सलग दोन-तीन आठवडे डोंगरात राहण्याचा अनुभव आम्हाला नाही.

सामानाच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या आहेत. कोणती सॅक, कोणता तंबू, कोणते बूट यांवर इतके लिहिलेले सापडते की वाचून थकवा येतो, परंतु सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत माणूस तिथे काय करतो हे कुणी सलग सांगत नाही. पाणी किती वेळा भरावे लागते? शौच, अंघोळ, कपडे यांचे काय? तीन भिंतींच्या शेल्टरमध्ये अनोळखी लोकांच्या शेजारी झोपावे की रोज तंबू लावावा? शाकाहारी माणसाने काय शिजवावे, आणि मुळात शिजवावे का? आमची मुलगी काळजी करणारी आहे, त्यामुळे तिला रोज कळवता येईल का, हाही प्रश्न आहे. ज्यांनी ही वाट प्रत्यक्ष चालली आहे त्यांनी सविस्तर लिहिल्यास उपकार होतील.

उत्तर : खिंडीतला वारा

ताई, या वाटेवरचा दिवस घड्याळावर चालत नाही. पाणी कुठे आहे आणि उजेड किती वेळ आहे, या दोन गोष्टींवर तो चालतो, आणि बाकीचे सारे त्यांच्या मागून येते.

जॉर्जियातली वाट बव्हंशी धारेवरून जाते. शिखर चढायचे, पलीकडच्या खिंडीत उतरायचे आणि लगेच पुढच्या शिखराला लागायचे, हा प्रकार दिवसातून तीन-चार वेळा होतो. उंची फार नाही, जॉर्जियातील या वाटेचे सर्वोच्च ठिकाण असलेला ब्लड माउंटन ४,४५८ फुटांचा आहे, पण रोजच्या चढ-उतारांची बेरीज गुडघ्यांना जाणवते. झरे सहसा खिंडीत किंवा धारेच्या थोडे खाली असतात आणि बहुतेक शेल्टर पाण्याच्या आसपास बांधलेली आहेत. म्हणून आदल्या रात्रीच उद्याच्या पाण्याच्या जागा पाहून ठेवायच्या, दोन जागांमधले अंतर कमी असेल तर लिटरभरच पाणी घ्यायचे आणि जास्त असेल तर दोन लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे उगाच भरून नेलेले पाणी हे सॅकमधले सर्वांत निरर्थक ओझे ठरते. याला अपवाद ब्लड माउंटनचा. त्याच्या माथ्यावर १९३०च्या दशकात बांधलेले दगडी शेल्टर आहे, दिसायला देखणे आहे, पण तिथे पाणी नाही. तिथे राहायचे तर खालूनच भरून चढावे लागते.

आता दिवसाविषयी. एप्रिलच्या सुरुवातीला सात वाजता उजाडते. साडेसहाला जाग आली तरी स्लीपिंग बॅगमधून बाहेर पडायला मन तयार होत नाही, कारण रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास जाऊ शकते. पाण्याचा फिल्टर रात्री उशाशी किंवा बॅगेच्या आत घेऊन झोपावे. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतले तंतू फाटतात, बाहेरून काहीच दिसत नाही आणि तो निकामी झालेला असतो. उठल्यावर सामान आवरणे, चहा, न्याहारी यांत पहिले काही दिवस दीड तास जातो, पुढे पाऊण तासात होते. आठला चालायला लागलात तर चारच्या सुमारास मुक्कामाला पोचता. पहिल्या आठवड्यात आठ ते दहा मैलांपेक्षा जास्त चालण्याचा मोह टाळावा. दम पुरतो, पण पायांचे स्नायुबंध आणि घोटे त्या वेगाने तयार होत नाहीत, आणि पहिल्या शंभर मैलांत घरी परतणारे बरेचसे लोक तरुण आणि धडधाकट असतात.

वाट चुकण्याची भीती बाळगू नका. झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असा पांढरा पट्टा रंगवलेला असतो, एकावर एक दोन पट्टे दिसले की वळण जवळ आले असे समजायचे, आणि निळा पट्टा पाण्याकडे किंवा शेल्टरकडे जाणारी उपवाट दाखवतो. जॉर्जियापासून मेनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी जवळजवळ २,२०० मैलांची ही संपूर्ण वाट स्थानिक गिर्यारोहण मंडळांचे स्वयंसेवक सांभाळतात. आपल्याकडे गडांवर श्रमदान करणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुपारचे जेवण म्हणजे मोठा थांबा. बूट-मोजे काढून पाय वाऱ्यावर ठेवायचे, मोजे बदलायचे, आणि कुठे घासल्यासारखे वाटत असेल तर फोड येण्याची वाट न पाहता तिथे लगेच चिकटपट्टी लावायची. हा नेम कंटाळवाणा आहे, पण मोडू नये. एप्रिलमध्ये वरच्या धारेवर झाडांना पालवी फुटलेली नसते, त्यामुळे गार हवेतही ऊन थेट डोक्यावर येते. 'हिरवा बोगदा' म्हणून या वाटेची ख्याती असली तरी तुम्हाला तो फक्त रोडोडेंड्रॉनच्या सदाहरित झुडपांच्या जाळ्यांत भेटेल.

मुक्कामाला पोचल्यावर क्रम ठरलेला: आधी पाणी, मग तंबू, मग कोरडे कपडे, मग जेवण, शेवटी अन्न अस्वलांपासून सुरक्षित ठेवणे. अंधार पडला की कुणी जागे राहत नाही, रात्री नऊ ही इथली मध्यरात्र मानतात. शेल्टरमध्ये एक वही ठेवलेली असते, तीत नाव आणि तारीख लिहावी. पुढेमागे कुणाला शोधायची वेळ आली तर ती नोंद उपयोगी पडते.

मुलीबद्दल: धारेवर अधूनमधून रेंज मिळते, खिंडीत आणि दरीत नाही. तिला रोज कळवण्याचे वचन देऊ नका, कारण एखादा दिवस चुकला की ती घाबरेल. उपग्रहावरून संदेश पाठवणारे छोटे यंत्र घ्या आणि रोज रात्री एक ठरावीक संदेश पाठवा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवला तर दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत दोन गावांमधले अंतर सहज निघते.

उत्तर : जुई_शार्लट

ताई, वरच्या उत्तरात सगळे व्यवस्थित आले आहे, पण देहधर्माच्या प्रश्नाला त्यांनी बगल दिली आहे, म्हणून तेवढेच मी लिहिते.

बहुतेक शेल्टरजवळ लाकडी शौचकूप असतो. त्यात पाणी ओतायचे नसते आणि कचराही टाकायचा नसतो. शेजारी भुसा किंवा सुकी पाने ठेवलेली असतील तर वापरानंतर मूठभर टाकायची, म्हणजे मैला कुजून त्याचे खत होते. वाटेत गरज पडली तर पाण्यापासून, वाटेपासून आणि मुक्कामाच्या जागेपासून २०० फूट, म्हणजे सुमारे सत्तर पावले, दूर जावे, सहा ते आठ इंच खोल खड्डा खणावा आणि नंतर बुजवावा. त्यासाठी हलके खुरपे मिळते. आपल्याला पाणी लागते, तर बाटलीला लावायचे छोटे तोंड घेऊन जा. अर्धी बाटली पुरते आणि कागदाचा कचरा पाठीवर वाहावा लागत नाही. मात्र या कामाचे पाणी झऱ्यावर जाऊन वापरायचे नाही, आधी भरून दूर न्यायचे.

त्यानंतर साबणाने हात धुणे अत्यावश्यक आहे. बहुतेक लोक जंतुनाशक जेलवर विसंबतात, पण वसंतात या वाटेवर जी ओकारी-जुलाबांची साथ पसरते तिला कारण असलेला नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला फारसा दाद देत नाही. तो इतका सूक्ष्म असतो की नेहमीचा फिल्टरही त्याला अडवत नाही. साबण आणि पाणी हाच उपाय आहे, आणि शंका असेल तेव्हा पाणी उकळणे. दुसऱ्याच्या पिशवीत हात घालून चिवडा घेण्याची आपली सवय वाटेवर सोडावी. ज्याच्या त्याच्या तळहातावर ओतावा.

अंघोळ चार-पाच दिवसांतून एकदा, गावातल्या हॉस्टेलमध्ये. मधल्या दिवसांत रात्री तंबूत ओल्या फडक्याने मी अंग पुसून घेते, त्याने झोप फार चांगली लागते. आतले कपडे दोन जोड पुरतात, एक अंगावर आणि दुसरा धुऊन सॅकवर वाळत. सुती कपडा एकही नेऊ नका, भिजला की तो वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतो. ज्यांची पाळी सुरू आहे अशा वाचणाऱ्या मुलींसाठी: कप वापरणे सोयीचे, आणि पॅड वापरलेत तर ते पुरायचे नाहीत, गावापर्यंत बंद पिशवीत न्यायचे.

शेल्टरबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मुसळधार पाऊस नसेल तर तंबूत झोपा. अनोळखी माणसांची भीती हे त्याचे कारण नाही, लोक बहुधा सभ्य आणि थकलेले असतात. खरे कारण उंदीर आणि घोरणे. सॅकचे सगळे कप्पे उघडे ठेवून ती खुंटीला टांगली नाही तर उंदीर कापड कुरतडून आत जातात. तंबू शेल्टरच्या आसपासच लावता येतो, म्हणजे पाणी, शौचकूप आणि सोबत तिन्ही मिळतात, आणि कपडे बदलायला आडोसाही होतो.

रोज संध्याकाळी एकमेकांचे अंग गोचिडांसाठी तपासा. गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या रेषेत. लाइम रोग पसरवणाऱ्या गोचिडाचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते. त्या रोगाचे प्रमाण तुमच्या न्यू जर्सीकडे जास्त आणि जॉर्जियात कमी असले तरी सवय लावून घ्यावी. कपड्यांवर आणि बुटांवर घरूनच परमेथ्रिन हे कीटकनाशक फवारून वाळवून न्या.

उत्तर : वजनकाटा

जेवणाबद्दल माझे मत बहुतेकांना पटणार नाही, तरीही मांडतो. शेगडी, गॅस आणि भांडे घरी ठेवावे. दिवसभर चालून आल्यावर माणसाला चव लागत नाही, पोट भरलेले लागते, आणि आपल्या स्वयंपाकघरात न शिजवता खाण्याजोगे जितके आहे तितके इथल्या लोकांकडे नाही. सातूचे पीठ गार पाण्यात कालवून गूळ घातला की न्याहारी झाली. दडपे पोहे करायचे ते पातळ पोहे भिजायला दोन मिनिटे लागतात, त्यात मेतकूट, शेंगदाणे, मीठ आणि सुके खोबरे. इथल्या दुकानांत मिळणारा टॉर्टिया चार दिवस टिकतो, त्यावर शेंगदाण्याची चटणी आणि तूप.

हिशेब असा करावा. माणशी दिवसाला पाऊण ते एक किलोपेक्षा जास्त अन्न पाठीवर नको, पण चालताना खर्च मात्र साडेतीन-चार हजार कॅलरींचा असतो. म्हणून प्रत्येक पदार्थाची ग्रॅममागे किती कॅलरी ते पाहावे. तूप नऊच्या जवळ, शेंगदाणे साडेपाचच्या वर, गूळ चारच्या आत. घट्ट झाकणाच्या बाटलीतले तूप हा सर्वांत हलका शिधा आहे, थंडीत थिजते म्हणून बाटली रुंद तोंडाची घ्यावी. लाडू, चिक्की, दाण्याचे कूट उत्तम. लोणचे मात्र नेऊ नका, तेल गळते आणि वास सॅकला कायमचा राहतो. कोरडी लसणाची चटणी न्या.

उत्तर : खिंडीतला वारा

वजनकाटा यांचा हिशेब बरोबर आहे, सल्ला मला मान्य नाही. पन्नाशीच्या दोन माणसांना, एप्रिलमध्ये, नॉर्थ कॅरोलायनातील नांताहालाच्या डोंगरांत पाच हजार फुटांवर गार पाण्यात कालवलेले सातू खायला सांगणे योग्य नाही. पावसात भिजून पाच अंश तापमानात मुक्कामाला पोचले की हाताची बोटे तंबूची चेन ओढण्याइतकीही वळत नाहीत, आणि तेव्हा गरम पाण्याचा पेला हा उपचार असतो. वारा नसताना अर्धा लिटर पाणी उकळायला सात-आठ ग्रॅम गॅस लागतो. दोघांचा चहा आणि रात्रीचे जेवण धरले तर ११० ग्रॅमचा डबा चार-पाच दिवस चालतो, आणि नवा डबा वाटेवरच्या गावांत मिळतो. विमानात तो नेता येत नाही हे लक्षात ठेवा.

शिजवायचे म्हणजे चूल मांडून वरण-भात करायचा नाही. मुगाची खिचडी घरी कुकरमध्ये मऊ शिजवून, पातळ पसरून, डिहायड्रेटरमध्ये कडक वाळवायची. वाटेवर त्यावर उकळते पाणी ओतून झाकण लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवली की पूर्ववत होते. तूप वाळवण्याआधी घालू नये, वाटेवर वरून घालावे, नाहीतर ती खवट होते. भाजून ठेवलेल्या उपम्याचेही तसेच.

माचीवरून

सर्वांचे मनापासून आभार. जुईताई, तुम्ही लिहिलेत तेच विचारायचा संकोच वाटत होता. शेगडी न्यायची हे आमच्या घरी एकमताने ठरले आहे; चहाशिवाय यजमान सॅक उचलणार नाहीत.

दोन शंका उरल्या. सलग पाऊस लागला तर दिवस कसा काढतात? आणि विश्रांतीचा दिवस व शिधा भरणे कुठे करावे? घरून पार्सल पाठवावीत का?

उत्तर : जुई_शार्लट

पावसात चालतच राहतात, ताई. रेनकोट घातला तरी चढावर आतून घामाने भिजणारच, म्हणून पावसात कोरडे राहण्याचा प्रयत्न सोडून ऊबदार राहण्याचा करायचा. थांबे लहान ठेवायचे, खाऊ खिशात ठेवायचा. झोपायचे कपडे आणि स्लीपिंग बॅग दोन थरांच्या पिशवीत कोरडी ठेवायची, आणि काहीही झाले तरी ते कोरडे कपडे चालण्यासाठी वापरायचे नाहीत. सकाळी पुन्हा तेच ओले गार मोजे चढवायचे. दहा मिनिटांत पाय तापतात, पण ती पहिली दोन मिनिटे वाईट असतात. अंग थडथडायला लागले, बोलणे अडखळायला लागले, तर तिथेच थांबून तंबू लावा. हिमापेक्षा चार-पाच अंशांतला वाऱ्यासह पाऊस या डोंगरांत अधिक धोक्याचा असतो. विजा कडाडत असतील तर उघड्या माथ्यावर जायचे नाही, खालीच थांबायचे.

उत्तर : खिंडीतला वारा

शिध्याची सोय या टप्प्यावर चांगली आहे. सुमारे ३१व्या मैलावर नील्स गॅप ही खिंड लागते. तिथे वाट एका दगडी इमारतीच्या पोटातून जाते आणि त्याच इमारतीत दुकान आहे. दारातल्या झाडावर लोकांनी टाकून दिलेले बूट लटकलेले दिसतील; ते पाहून निराश होऊ नये. सॅकमधले काय जास्त झाले आहे ते तोवर कळलेले असते, ते तिथून पोस्टाने घरी पाठवावे. पुढे ६९व्या मैलाच्या आसपास डिक्स क्रीक गॅपमधून हायवासी गाव, ११०च्या आसपास वाइंडिंग स्टेअर गॅपमधून फ्रँकलिन, आणि १३७च्या आसपास नांताहाला आउटडोअर सेंटर हे नदीकाठचे केंद्र. म्हणजे एका वेळी चार-पाच दिवसांपेक्षा जास्त शिधा वाहावा लागत नाही. पहिली विश्रांती हायवासीला घ्या, पाय तिथे ती मागतातच.

पार्सल फक्त खिचडीची पाठवा, बाकीचे गावात घ्या. ते पोस्टात पाठवणार असाल तर लहान गावांतली टपाल कार्यालये शनिवारी लवकर बंद होतात आणि रविवारी उघडत नाहीत. शनिवारी दुपारी पोचलात तर सोमवारपर्यंत अडकाल. त्यापेक्षा मुक्कामाच्या हॉस्टेलच्या पत्त्यावर पाठवणे सोपे, आधी त्यांना विचारून.

नांताहालानंतर नदीच्या पातळीवरून चिओवा बाल्ड या शिखरापर्यंत तीन हजार फुटांहून अधिक चढ आहे. तो एका दमात न करता मधल्या शेल्टरला मुक्काम करा.

अस्वलांचा मुद्दा राहिला. जॅरर्ड गॅप ते नील्स गॅप या भागात १ मार्च ते १ जून या काळात मुक्काम करायचा तर अन्नासाठी अस्वलाला उघडता न येणारा कडक डबा सक्तीचा असतो, आणि ब्लड माउंटन याच भागात येतो. निघण्यापूर्वी वनखात्याचा चालू नियम पाहून घ्या. माझ्या मते डबा पूर्ण वाटभर न्यावा. किलोभर वजन वाढते, पण अंधारात फांदीवर दोरी फेकत बसावे लागत नाही, आणि संध्याकाळी बसायला स्टूल मिळते. दोघांचा चार दिवसांचा शिधा एका डब्यात मावत नाही, म्हणून दोन घ्या. दात घासण्याची पेस्ट आणि साबणही रात्री त्यातच ठेवायचे, आणि डबे तंबूपासून दूर, उतारावरून घरंगळणार नाहीत अशा जागी.

फोंटानाच्या पुढे ग्रेट स्मोकी माउंटन्सचे राष्ट्रीय उद्यान सुरू होते आणि त्याला वेगळा परवाना लागतो. तुम्ही धरणापाशी थांबणार असल्याने त्याची गरज नाही. धरणाजवळच्या मोठ्या शेल्टरपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर अंघोळीची सोय आहे. परतीची गाडी आधी ठरवून ठेवा, पण तारीख एका दिवसाने मागेपुढे करता येईल अशी.